तुमचा ‘किती’, माझा ‘काऊन’

अजी, तुम्ही गेल्यापासून भेटायला येणारी प्रत्येक बाई मला सारसाची गोष्ट सांगते. जोडीतला एक मेला की दुसरा खाणंपिणं सोडतो आणि त्याच जागी उभा राहून जीव देतो म्हणे. सांगता सांगता डोळ्याला पदर लावतात आणि हळूच माझ्या ताटाकडं पाहतात. मी आपली भात कालवत असते. काय करू? भूक लागते. आणि असं काही होत नाही हे तुम्हीच तर सांगितलं होतं. आपल्या बोडीवर, त्या शेतातल्या लहान तळ्यावर, एकटा पडलेला सारस तुम्ही अख्खा उन्हाळा पाहिला होता. “ओरडला, हिंडला इकडंतिकडं. मंग चरून राहिला. पोट आहे ना वं त्यालेही,” म्हणाले होते. त्या बायांना मी हे सांगत नाही. त्यांना वाईट वाटेल.

जूनच्या तोंडाशी आपल्याकडं सारसांची मोजणी होते, तिला तुम्ही दरसाल जायचे. स्वतःच्या बांधीत, धानाच्या खाचरात सारसाचं घरटं, तेवढ्या जागेतला धान दबून जाणार, आणि हा माणूस खुशीत! मी हसायची. एवढी थोडीशी पाखरं उरली आणि त्यांना मोजायला एवढी माणसं कायले लागतात? मग तुम्ही मला शाळेतल्या पोरीसारखं समजावून सांगायचे. सगळ्या तळ्यांवर एकाच सकाळी, एकाच वेळेला माणसं बसायला पाहिजेत. नाही तर इथून उडालेली जोडी तिथं जाऊन बसते आणि दोन्हीकडं मोजली जाते. आणि ज्या तळ्यावर कोणी बसलंच नाही, तिथले सारस असूनही हिशेबात नसतात. “दिसला नाही म्हणजे नाहीच, असं नसते वं.” हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते. तेच पुढं दवाखान्यात ऐकावं लागणार हे मला काय माहीत.

तुमची कंबर दुखायला लागली ती धान लावायच्या, रोवणीच्या दिवसांत. रोवणीत वाकून वाकून कोणाची दुखत नाही? मेडिकलमधून गोळी आणायची, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग थकवा सुरू झाला. शेताच्या धुऱ्यावर बसले की उठायला हात मागायचे. चेहरा पांढुरका पडला. आणि आपल्याकडं माणसाचा चेहरा पांढरा पडला की अख्खं गाव डॉक्टर होते आणि एकच नाव घेते: सिकल. मायबापाकडून लेकरांत उतरणारा हा रक्ताचा आजार आपल्या भागात एवढा की बाकी कशाचा विचारच सुचत नाही. तुमची तर गावातल्या शिबिरात तपासणीही झाली होती. तुम्ही वाहक आहात, म्हणजे रक्तात आहे पण सहसा त्रास होत नाही, असं सांगितलं होतं त्यांनी. त्रास होत नाही हे सगळे विसरले, आहे एवढंच लक्षात ठेवलं. तुमचे मोठे भाऊ म्हणाले, “सिकलवाल्याचं असंच असते. बीट खा, गूळ खा.” तुम्ही बीट खाल्लं, गूळ खाल्ला, आणि एक दिवस धानाचं पोतं उचलताना बरगडी कट्‌कन मोडली. पोतं तर अर्धंच भरलेलं होतं. तेव्हा मात्र मी तुम्हाला घेऊन नागपूर गाठलं.

नागपूरला रक्त घेतलं, लघवी घेतली, कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला. तुम्ही दात आवळून पडून राहिले आणि उठल्या उठल्या काय विचारलं? “मॅडम, हे साऱ्यायचं इथूनच काढता का?” तोंडाला लगाम म्हणून नव्हताच तुमच्या.

मल्टिपल मायलोमा. डॉक्टर मॅडमनी नाव सांगितलं आणि म्हणाल्या, हा रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे. माझ्या कानात ‘कॅन्सर’ शिरलं. तुमच्या कानात ‘एक प्रकार’ शिरलं.

“एक प्रकार? मंग बाकीचे किती?”

मी तुमच्या मांडीला चिमटा काढला. पण असं विचारणारा माणूस त्यांनाही रोज भेटत नसावा. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, रक्ताचा कॅन्सर म्हणजे एक आजार नाहीच. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा अशी मोठी घराणी आहेत आणि एकेका घराण्यात कितीतरी भाऊबंद. ल्युकेमिया लहान पोरांनाही होतो, पोरांच्या कॅन्सरमध्ये तोच जास्त. लिम्फोमात गळ्यात, काखेत गाठी येतात. मायलोमा बहुतेक वय उतरणीला लागलेल्यांना, आणि तो हाडं पोखरतो. तुम्ही मान हलवत ऐकत होते. म्हणाले, “म्हणजे लांबून पाह्यलं तं सारे बगळेच. जवळ गेलं की कोणी बगळा, कोणी करकोचा, कोणी सारस.” मॅडम हसल्या. त्या दवाखान्यात त्या दिवशी पहिल्यांदा कोणी हसलं असेल.

“आन् लोकायले होते किती?”

तोंडाचा, स्तनाचा कॅन्सर जास्त, त्यामानानं हे कमी, त्या म्हणाल्या. एकेक प्रकार घेतला तर विरळाच. सगळे मिळवले तरी लाखामागं वर्षाला बोटांवर मोजता येतील एवढे नवे रुग्ण. मला वाटलं, चला, थोडेच आहेत. तुम्ही छताकडं पाहून ओठ हलवायला लागले. “आपल्या जिल्ह्यात तेरा लाखाच्या वर माणूस. म्हणजे दरसाल एक एसटी भरून वर दांडीले धरून उभे राहतील, एवढे. हे झाले नवे. मांगच्या सालचे, त्याच्या मांगच्या सालचे जे जित्ते आहेत, ते?” मॅडम म्हणाल्या, तो आकडा वेगळा आणि मोठा. औषधं सुधारली तशी माणसं जास्त जगतात, म्हणून तो वाढतो, आणि वाढतो हे चांगलंच आहे. तुम्हाला ते इतकं पटलं! “बरोबर. यंदाची पिल्लं वेगळी मोजायची, थवा वेगळा.”

“पण मॅडम, हे मोजते कोण?”

ज्या भागात नोंद ठेवतात तिथलं नीट कळतं, त्या म्हणाल्या, पण देशाचा थोडाच भाग त्या नोंदीत येतो, बाकी सगळा त्यावरून बांधलेला अंदाज. आणि जे तपासणीपर्यंत पोचलेच नाहीत, ते कुठंच नाहीत. तुम्ही माझ्याकडं वळले. डोळे असे चमकत होते की जणू आजार दुसऱ्याच कोणाला झाला आहे. “पाह्यलं? साऱ्या तळ्यायवर माणसं बसलेच नाहीत.”

मी एकच गोष्ट विचारली. “मॅडम, यायलेच काऊन झालं? तंबाखूचा खर्रा नाही खात, दारू नाही पीत.” मॅडम म्हणाल्या, बहुतेक वेळा आम्हालाही सांगता येत नाही. तुमचं काही चुकलं नाही. सिकलवाहक असल्यामुळंही हे झालं नाही. मग वैशूचं विचारलं तर म्हणाल्या, सिकल उतरतं तसं हे मुलांत उतरत नाही, पोरीला होणारच असं धरून बसू नका. बस. माझ्या ‘काऊन’ला एवढंच उत्तर मिळालं. तुमच्या ‘किती’ला मात्र भरघोस मिळालं, म्हणून मला तुमचा राग आला. खरंच आला. आजही थोडा आहे.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. गोंदियाला परतताना गाडीत मी म्हणाली, लाखात इतक्या थोड्यांना होते तर देवाला तुम्हीच सापडले का? तुम्ही म्हणाले, “थोड्यायले होते म्हणजे कोणाले तं होते ना. तो कोणीतरी मी.” मी म्हणाली, मले नाही पाहिजे तुमचं गणित. तुम्ही म्हणाले, “गणित नाही वं. एकटा नाही, एवढंच पाहून राहिलो.” मी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत बसली. मला तेव्हा वाटायचं, ‘किती’ विचारणारा माणूस आपल्या दुःखापासून पळतो. आता वाटते, तो कोणाच्या तरी शेजारी जाऊन बसायला जागा शोधतो. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहिलं.

शेजारी तर तुम्ही बसायचेच! नागपूरच्या त्या बाकड्यावर नंबर येईपर्यंत तुमचं मोजणं चालू असायचं. “काकाजी, तुमचं कोणतं?” जसं काही कोणत्या गावाचं तिकीट काढलं असं विचारून राहिले. मी शरमेनं पदर तोंडाला लावायची. पण लोक सांगायचे हो! बालाघाटची ती बाई म्हणाली, “मेरे बेटे को ल्यूकेमिया था भैया, अब दिखाने लाते हैं बस.” तिचा पोरगा फरशीवर गाडी चालवत होता, गाल असे टुमटुमीत. गडचिरोलीकडचे एक गुरुजी होते, त्यांच्या गळ्यातल्या गाठींना गावात टीबी समजले, त्याच्याच गोळ्या चालल्या. दुर्गकडच्या एका म्हाताऱ्याचं तुमच्यासारखंच, कंबर. त्याला गुडघ्याची पट्टी बांधायला सांगितली होती कोणीतरी. कमरेसाठी गुडघ्याला पट्टी! तुम्ही दोघं पोट धरून हसले. बरगडी दुखत होती तरी हसले.

एकदा तुम्ही मोजणी संपवून मला सांगितलं, आज एवढे. मी म्हटलं, “स्वतःले धरलं का?” तुम्ही चमकले. मग म्हणाले, “मोजणारा स्वतःले धरत नाही. तो तळ्याच्या काठावर असते.” पण तुमच्या हाताला लावलेली सुई मला दिसत होती.

औषधं लागू पडली, मधले काही महिने तर तुम्ही बोडीवर फिरूनही यायचे. हे दिवस मला उगाच मिळाले असं मी म्हणणार नाही, फार गोड होते. तुम्ही सायकलवर मला मागं बसवण्याचा हट्ट केला आणि मी तुम्हाला शिव्या दिल्या, तो दिवस तर जन्मभर पुरेल. मग छातीत संसर्ग झाला आणि सगळं भराभर झालं. त्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही. जमलं की सांगेन.

आता तेरवीचं सांगते. तुम्हाला हेच ऐकायचं असणार.

आदल्या दिवशी भाऊजींनी, तुमच्या मोठ्या भावानं, मला बाजूला बोलावलं. “वैशूची माय, कोणी इचारलं तं सिकल होता म्हणा. कॅन्सर म्हटलं तं पोरीचं जमत आलेलं मोडन.” वैशूसाठी अर्जुनी मोरगावकडचं स्थळ चाललं आहे हे तुम्हाला माहीतच आहे, आणि ते लोक तेरवीला येणार होते. भाऊजींचे डोळे रडून सुजलेले होते, त्यांना वाईट कसं म्हणू? पोरीच्या काळजीनंच बोलले. पण मी स्वयंपाकघरात येऊन विचार करायला लागली आणि मला हसूच आलं. जे पोरीत उतरत नाही ते लपवायचं, आणि लपवायचं कशाच्या आड, तर जे खरंच उतरते त्याच्या! बरं, वैशूची सिकलची तपासणी कॉलेजात होऊन गेली, तिच्यात नाही. म्हणजे नसलेलं दुखणं आम्ही आमच्याच हातानं पोरीच्या पदरात बांधून देणार होतो. तुम्ही असते तर मांडवातच खाली बसून हसले असते.

तरी मी ठरवलं होतं की गप्प राहायचं. पोरीची माय आहे मी.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, माणसं मांडवात पान खात बसली. कोणीतरी विचारलं, “काय झालं होतं जी त्यायले?” भाऊजी म्हणाले, “सिकल. रक्त कमी होत गेलं.” आणि तेव्हा आपले शेजारचे धनराजभाऊ, तुमच्या सायकलचे अर्धे मालक, मान डोलावत म्हणाले, “माझंही तसंच होऊन राहिलं. कंबर दुखते, थकल्यासारखं वाटते. सिकलच असन मंग. बीट खातो आता.”

माझ्या हातात पाण्याची बालटी होती. ती मी खाली ठेवली. मला तुमची ती मोडलेली बरगडी ऐकू आली, खरं सांगते, कट्‌कन. मी म्हणाली, “धनराजभाऊ, यायले सिकलनं नाही नेलं. रक्ताचा कॅन्सर होता. हाडात होता. आम्ही बीट खाऊ घालत बसलो आन् साल गेलं. तुम्ही उद्या गोंदियाले जा, रक्त तपासा.”

 भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. अर्जुनीच्या पाहुण्या बाईनं ग्लास खाली ठेवला, आपल्या नवऱ्याकडं पाहिलं. थोड्या वेळानं ते दोघं उठले, नमस्कार केला, गेले. त्यांचा फोन अजून आला नाही. वैशू म्हणते, “आई, नाही आला तं नाही आला. हे आयकून जे येतील तेच घरचे.” तुमची पोरगी आहे, दुसरं काय बोलणार? पण रात्री तिची उशी ओली असते, हेही सांगून ठेवते. तुमच्यापासून काय लपवायचं?

धनराजभाऊंना मी सोडलं नाही. त्यांची बायको आणि मी दोघींनी मिळून त्यांना तपासायला धाडलं. रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, सिकल नाही, मणक्याची चकती सरकली आहे. गावात माझी टिंगल झाली की बाईला जिकडंतिकडं कॅन्सर दिसून राहिला. होऊ द्या. मला तुमचं म्हणणं आठवलं की सगळीकडं सारस दिसायला लागले तर तो मोजणारा कच्चा, बरेचसे बगळेच असतात, पण जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. धनराजभाऊ टोपलंभर आंबे घेऊन आले आणि दारातच रडले. मी म्हटलं, रडता काऊन, बगळा निघाला ना!

पण खरी गोष्ट पुढंच आहे. त्या दिवशी ते पाहुणे मांडवातून गेले आणि लोक एकेक करून माझ्याकडं यायला लागले. मुर्री गावची एक बाई, भांडी आवरता आवरता कानाशी येऊन बोलली, “माझ्या सासूले हेच होतं वं. आम्ही कावीळ म्हणून सांगतलं साऱ्यायले.” तुमच्या मोजणीच्या टीममधले एक जण म्हणाले, त्यांचा भाचा, ल्युकेमिया, आता बरा आहे, कॉलेजात जातो. कोणाचा साडू, कोणाची विहीण. मी नुसती ऐकत होती आणि मनात एकेक धरत होती. एकानं पाटबंधाऱ्यातल्या एका बाबूचं सांगितलं. थोड्या वेळानं दुसऱ्यानंही पाटबंधाऱ्यातल्या एका बाबूचं सांगितलं. मी लगेच विचारलं, कोणत्या गावचे? लग्न कुठं झालं? तोच निघाला! इथून उडून तिथं बसलेला. मी एकच धरला. माझं मलाच नवल वाटलं की मी हे काय करून राहिली. माझ्या तोंडून ‘काऊन’ निघतच नव्हता, ‘अजून कोण’ एवढंच निघत होतं. एवढी माणसं आपल्या अवतीभवती होती आणि प्रत्येक जण आपल्या तळ्यावर एकटा होता.

काल मोजणी झाली. तुमच्या टीमनं विचारलं, जागा रिकामी आहे, कोणाला धाडायचं? मी म्हणाली, मी येते. तुमची दुर्बीण गळ्यात घातली, ती फारच जड आहे हो, मान अवघडली. फटफटायच्या आधी बोडीच्या काठाला, पाळीवर जाऊन बसली. अंधारून होतं थोडं. मग तुमच्या बांधीकडून दोघं आले, हळूहळू पाय टाकत, जसे काही त्यांच्या बापाचीच बांधी आहे. मी दोन धरले. पूर्वेकडं उडाले तेही सांगितलं, पलीकडच्यांनी पुन्हा धरू नये म्हणून. शिकवलेलं सगळं बरोबर केलं, तुम्हाला नाव ठेवायला जागा नाही.

नंतर पाळीवर बसल्या बसल्या ती दुसरी मोजणी मनात पुन्हा केली. मुर्रीची सासू, टीममधल्यांचा भाचा, पाटबंधाऱ्यातला बाबू, तो साडू, ती विहीण, बालाघाटचा गाडीवाला पोरगा, गुरुजी, गुडघ्याला पट्टीवाला म्हातारा. पुन्हा केली. हिशेब जुळत नव्हता. काहीतरी सुटत होतं, आणि कोण ते कळायला मला फार वेळ लागला.

मोजणारा स्वतःले धरत नाही, म्हणाले होते तुम्ही. म्हणून मीही तुम्हाला धरलंच नव्हतं. पण अजी, आता काठावर मी बसली आहे. मोजणारी मी आहे.

म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तुमचं नाव घेतलं, मोठ्यानं, तिथंच पाळीवर, आणि बोट मुडपून म्हणाली, एक.